पुणे-मुंबईत बनणाऱ्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं काय झालं?

बदलापूर लोकल लेट झाली, तरी बहुतेक वेळा येते. गेमचं तसं नसतं. २००३ मध्ये गाजलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने बनवण्याचं काम युबिसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंना दिलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला. ग्राफिक्स जुनाट वाटतात, अशी टीका चाहत्यांनी केली. जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं. जानेवारी २०२६ मध्ये गेमच रद्द झाला.

नुसती तारीख पुढे गेली, तर गेमवर शेवटचा हात फिरवणं बाकी असू शकतं. पण स्टुडिओच बदलला, तर टीम नवी आणि बरंच काम पुन्हा. प्री-ऑर्डर करण्याआधी हा फरक लक्षात ठेवा.