इंद्रवज्र : गोल दिसतं म्हणून इंद्रधनुष्य नव्हे

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून काढलेले फोटो दरवर्षी फिरतात. खाली दरीत धुकं, त्यावर पडलेली माणसाची सावली आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी. फोटोखाली ‘गोल इंद्रधनुष्य’ असं लिहिलेलं असतं आणि सोबत ‘1835 साली कर्नल साइक्सने हे पहिल्यांदा पाहिलं’ अशी माहितीही. दोन्ही विधानं दुरुस्त करायला हवीत. साइक्सने हरिश्चंद्रगडावर हे दृश्य पाहून त्याची नोंद केली, हे खरं. पण 1835 हे त्याचा दख्खनच्या हवामानावरचा लेख लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्याचं वर्ष आहे. त्याआधीच, 1831 मध्ये, तो हिंदुस्थान सोडून गेला होता.

गैरसमज : इंद्रवज्र म्हणजे पूर्ण वर्तुळ झालेलं इंद्रधनुष्य.

हे तपासायला फक्त स्वतःची मूठ लागते. हात लांब केला की मूठ आकाशाचा साधारण 10 अंश भाग झाकते. इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे 42 अंश असते, म्हणजे पूर्ण वर्तुळ दिसलंच तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ मुठींहून मोठं भरेल. इंद्रवज्राचं आतलं कडं एका मुठीमागे लपतं. इंग्रजीत याला ‘ग्लोरी’ म्हणतात, आणि तिची घडण पूर्ण वेगळी आहे.

इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांचं. थेंब मिलिमीटरच्या आसपासचे, त्यात शिरलेला किरण आत एकदा परावर्तित होऊन बाहेर पडतो आणि 42 अंशांच्या आसपास अशा किरणांची गर्दी होते. इंद्रवज्र धुक्याचं. तिथले थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, आणि प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच, सूर्याकडे परत फिरतो.

इथे एक अडचण येते. थेंबाच्या अगदी कडेला स्पर्श करून आत शिरणारा किरण साध्या प्रकाशशास्त्राच्या हिशेबाने पूर्ण उलटा फिरतच नाही. सुमारे 14 अंश कमी पडतात. 1947 मध्ये डच शास्त्रज्ञ व्हॅन दे हुल्स्ट यांनी सुचवलं की ही तूट थेंबाच्या पृष्ठभागालगत सरकणाऱ्या लहरी भरून काढतात. पुढे ब्राझीलचे नुसेनझ्वाइग यांनी दाखवलं की थेंबाला न शिवता शेजारून जाणाऱ्या प्रकाशाचाही त्यात मोठा वाटा असतो. त्याआधी, 1908 मध्ये, गुस्टाव्ह मी यांनी गोल कणावरून प्रकाश कसा विखुरतो याची संपूर्ण समीकरणं मांडली होती. खरं तर त्यांना सोन्याच्या सूक्ष्म कणांच्या द्रावणाला येणारे रंग समजून घ्यायचे होते. त्या समीकरणांतून इंद्रवज्राची कडी आकड्यांत बरोबर निघतात, पण ती का निघतात ते मात्र कळत नाही. म्हणून ही पुढची खटपट.

आता मुख्य मुद्दा. सूर्यापासून थेंबाच्या मध्यातून जाणारी एक रेषा कल्पा. थेंब या रेषेभोवती कितीही फिरवला तरी तसाच दिसतो. त्यामुळे वरच्या कडेने गेलेला प्रकाश, खालच्या कडेने गेलेला, डावीकडचा, उजवीकडचा, सगळ्यांची वाट एकाच लांबीची. मागे परतताना सगळ्या काठावरचा प्रकाश एकाच तालात येऊन मिळतो आणि त्या दिशेला बळकट होतो. थोडं बाजूला सरकलं की ताल जुळतो-बिघडतो, तोही प्रत्येक रंगासाठी वेगळ्या कोनात. त्यातून कडी उमटतात. थेंब जरा लांबुळका झाला की वाटांच्या लांबीत फरक पडतो आणि सगळा खेळ विस्कटतो. इंद्रवज्र दिसलं म्हणजे समोरच्या धुक्यातले कण नीट गोल आहेत आणि बरेचसे एकाच आकाराचे आहेत, हे नक्की समजावं.

ही खात्री इतकी पक्की आहे की ती दुसऱ्या ग्रहावरही चालते. 2011 मध्ये व्हीनस एक्सप्रेस यानाने शुक्राच्या ढगांवर अशीच ग्लोरी टिपली. तिच्या कड्यांच्या अंतरावरून ढगांच्या माथ्यावरचे कण गोल असून त्यांची त्रिज्या सुमारे 1.2 मायक्रोमीटर असल्याचं काढता आलं.

गैरसमज : आकाशात वर्तुळ दिसलं की ते घडवणारे कणही गोल.

सूर्याला किंवा चंद्राला पडणारं खळं पाहा. ते उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडतं, आणि हे स्फटिक षटकोनी असतात. एक बाजू सोडून पुढच्या बाजूशी 60 अंशांचा कोन होतो, आणि अशा लोलकातून गेलेला प्रकाश किमान 22 अंश तरी वळतोच. म्हणून खळ्याची त्रिज्या 22 अंश, आणि आतलं आकाश किंचित काळसर. मग वर्तुळ आलं कुठून? स्फटिक सगळ्या दिशांना अस्ताव्यस्त वळलेले असतात, तिथून. गोलपणा एकेका कणात नाही, त्यांच्या गोंधळात आहे. याचा पुरावाही आकाशातच मिळतो. चपटे स्फटिक आडवे तरंगू लागले की गोंधळ संपतो, आणि सूर्य क्षितिजाजवळ असेल तर खळ्याऐवजी त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन तेजस्वी ठिपके उरतात. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पावसाचा थेंब अश्रूसारखा टोकदार असतो, हा तिसरा गैरसमज, तो चित्रकारांचा. मिलिमीटरपेक्षा लहान थेंब पृष्ठताणामुळे जवळजवळ गोल असतो, मोठा थेंब हवेच्या दाबाने खालून सपाट होऊन वडापावच्या पावासारखा दिसतो. हवामान खात्यांची नव्या धाटणीची रडार या सपाटपणाचाच उपयोग करतात. आडव्या आणि उभ्या कंपनांच्या लहरी सोडायच्या, दोन्हींच्या परताव्यातला फरक मोजायचा, आणि थेंब किती मोठे ते ओळखायचं.

ढगात पाणी आहे की बर्फ, हेही अशाच युक्तीने कळतं. गोल थेंबावरून सरळ मागे फिरलेल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलत नाही, बर्फाच्या स्फटिकावरून फिरलेल्याची बदलते. 2006 ते 2023 या काळात अमेरिका-फ्रान्सचा कॅलिप्सो उपग्रह लेझर सोडून हेच तपासत होता.

राहिली कड्याची गोष्ट. तुम्हाला दिसणारं इंद्रवज्र तुमच्याच डोक्याभोवती असतं. शेजाऱ्याला त्याचं वेगळं. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सूर्य पाठीशी हवा तर सकाळीच जा. कड्याचा माथा पुढे झुकलेला आहे आणि धुक्यात काठ कळत नाही. उभं राहून वाकू नका. आणि गडावर जाणं जमत नसेल तर विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मागून घ्या, खाली ढगांवर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवती हीच कडी बऱ्याचदा दिसतात.