सहा व्होल्ट जातात कुठे?

समजा, जानेवारीतल्या दाट धुक्याची वाराणसीतली सकाळ आहे. गाडीची बॅटरी आदल्याच दिवशी बदलली आहे. किल्ली फिरवताच डॅशबोर्ड उजळतो, हॉर्नही वाजतो, पण इंजिनाकडून नुसती टक्-टक् ऐकू येते.

ही टक्-टक् मोठी बोलकी आहे. सेल्फवरचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरवरचा, सोलेनॉइड खेचला जातो, संपर्क जुळतो आणि त्याच क्षणी व्होल्टेज कोसळते. सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येते, तो पुन्हा खेचला जातो.

कोसळते कुठे? पुष्कळदा बॅटरीचा शिशाचा पोल आणि त्यावर आवळलेले टर्मिनल यांच्यामध्ये. पोल जाड-बारीक अशा दोन मापांत येतात. जाड पोलाचे टर्मिनल बारीक पोलावर बसवले, की ते वरून घट्ट दिसते, पण आत जेमतेम टेकलेले असते. तिथे एका ओहमचा पंचविसावा भाग इतकाच अडथळा आहे असे धरा. हेडलाइटच्या १० अँपिअरला त्याची झळ फक्त ०.४ व्होल्टची. सेल्फने १५० अँपिअर मागितले, की हिशेब ६ व्होल्टचा होतो. बाराव्होल्टी बॅटरीचा निम्मा जोर त्या सांध्यातच जिरू पाहतो!

सांध्याचे हे महत्त्व मोटारीपुरते नाही. वाराणसीतल्याच रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून १९६४ पासून डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिने बाहेर पडू लागली. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. आणि त्यांना जागे करायला ६४ व्होल्टच्या बॅटऱ्या. वेगळा सेल्फ नाहीच. आगगाडी ओढण्यासाठी वीज बनवणारा मुख्य जनरेटरच सुरुवातीला बॅटरीच्या विजेवर मोटर होऊन इंजिन फिरवतो. मला हे फार विलक्षण वाटते. दाब एवढासा असल्यामुळे सारी भिस्त प्रवाहावर, म्हणून तिथेही प्रत्येक सांधा पक्का हवा.

आपल्या गाडीतला दोष पकडायचा तो सेल्फ मारतानाच. मल्टिमीटरची एक पिन थेट पोलावर, दुसरी टर्मिनलवर धरायची आणि दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगायची. आकडा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. दोन-तीन व्होल्ट दिसले, तर चोर सापडला. किल्ली न फिरवता तोच मीटर तिथे निर्दोष शून्य दाखवील. टर्मिनल ठीक निघाले, तर ऋण पोलापासून इंजिनापर्यंतची अर्थिंगची पट्टी अशीच तपासायची.

टक् सुद्धा नाही आणि डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकते आहे? मग इमोबिलायझरकडे, म्हणजे अनोळखी किल्लीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे पाहायचे. किल्लीतल्या त्याच्या चिपला स्वतःची बॅटरी नसते. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून मिळालेल्या ऊर्जेवर ती आपली ओळख सांगते. ती ओळख पटत नसेल, तर पोल घासून उपयोग नाही. घरातली दुसरी किल्ली लावून पाहायची.