डावी बाजू कोणाची?



अश्दोदच्या बंदराजवळून जाताना एकावर एक रचलेले रंगीत कंटेनर आपण पाहिले असतील. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने 'आयडियल एक्स' जहाजातून असे ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनकडे धाडले आणि सागरी व्यापाराचे रूप पालटू लागले. ज्या रायगड जिल्ह्यात पेणकर, चेऊलकर, रोहेकर या आपल्या आडनावांची गावे आहेत, त्याच जिल्ह्यात न्हावाशेवा येथे १९८९ साली कंटेनरांचे मोठे बंदर सुरू झाले.

सागरप्रवास संपलेल्या कंटेनरची खोली होऊ शकते. २०२२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी कतारमध्ये एक क्रीडागार उभारले गेले. त्याच्या बांधणीत ९७४ कंटेनर वापरले व तोच आकडा त्याला नाव म्हणून मिळाला. आमच्या शाळेची आकांक्षा मात्र एकाच कंटेनरची होती. तो वीस फुटी, म्हणजे ६.०५८ मीटर लांब व २.४३८ मीटर रुंद होता. त्यात मुलांसाठी वाचनालय करावयाचे ठरले. पैसा पालकांनी वर्गणीने जमविला होता.

कामावर देखरेख माझ्याकडे आली. नकाशात खिडकी पश्चिमेला होती. दुपारच्या उन्हाने पोलादी पेटी भट्टीसारखी तापेल, म्हणून समितीने ती समोरच्या भिंतीत नेण्याचे ठरविले. मी कारखान्याला दूरध्वनी केला, "खिडकी डाव्या बाजूला घ्या." मी मनाने खोलीच्या आत, दाराकडे तोंड करून उभी होते. कारागीर बाहेर, दाराकडे तोंड करून उभा होता. माझी डावी ती त्याची उजवी! तीस वर्षे वर्गासमोर उभे राहूनही मला हे सुचू नये? खिडकी पश्चिमेलाच कापली गेली. भोक बुजविण्यात व नवे कापण्यात कपाटांचे पैसे संपले. १ सप्टेंबरला शाळा उघडली तेव्हा पुस्तके खोक्यांतच होती. एका चिमुकलीने विचारले, "मोरा, वाचनालय कधी?" मला उत्तर देता आले नाही. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणजे काय, ते त्या दिवशी कळले.

दोन वर्षांनी हस्तकलेच्या खोलीसाठी दुसरा कंटेनर घेतला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता अभियंता आहे, या वेळी काम संगणकाच्या आज्ञावलीवर चालवावे असा आग्रह धरला. मी साशंक होते. परंतु त्याने पडदा उघडून दाखविला तेव्हा हसू आले. हे तर आपले पाठटाचणच! उद्दिष्ट, साहित्य, पायऱ्या, वेळ, मूल्यमापन. अध्यापन महाविद्यालयात आम्हांला हेच शिकविले होते.

त्या टाचणाचा आरंभ कंटेनरच्या क्रमांकापासून होतो. चार अक्षरे, सहा आकडे व शेवटी एक तपासणीचा आकडा. हा शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने निघतो, त्यामुळे लिहिताना झालेली चूक बहुधा तत्काळ उघडी पडते. त्या क्रमांकाच्या पानावर छायाचित्रे, मापे, खर्च व नकाशे राहतात. नकाशा बदलला की जुन्यावर 'रद्द' असा शिक्का पडतो आणि कारागिराच्या हाती नवाच येतो. भिंतींना आम्ही आलेफ, बेत, गिमेल, दालेत अशी नावे दिली आणि तीच खडूने पत्र्यावरही लिहिली. डावे-उजवे हे शब्द हद्दपार झाले.

दुसरी गोष्ट क्रमाची. कंटेनरचा भार मुख्यतः चार कोपऱ्यांचे खांब पेलतात, पण नागमोडी पत्र्यामुळे त्याला ताठपणा येतो. म्हणून भिंत कापली की तेथे पोलादी चौकट जोडलीच पाहिजे. आतून उष्णतारोधक फेस फवारतात, तो पेट घेणारा असतो. तेव्हा जोडकामाच्या ठिणग्या आधी संपल्या पाहिजेत. विजेच्या नळ्या आतील तक्तपोशीपूर्वी बसवाव्या लागतात, आणि धातूच्या पेटीला भूसंपर्क दिल्यावाचून वीज सोडणे जिवावरचे आहे. कोणते काम कोणावर अवलंबून आहे, आणि कोणते रखडले असता सारेच रखडेल, हे आज्ञावली दाखविते. या हिशेबाची पद्धत अमेरिकेत १९५७ च्या सुमारास तयार झाली. आमच्या बाबतीत रखडणारी वस्तू खिडकीच निघाली! ती सर्वांआधी मागविली.

तिसरी गोष्ट मंजुरीची. भिंत कापण्यापूर्वी कारागिराने आखणीचे छायाचित्र पाठवावयाचे, अभियंत्याने व मी ते पाहून संमती नोंदवावयाची, तोवर यंत्राला हात लावावयाचा नाही. कारागिरांत कोणी रशियन बोलणारा, कोणी अरबी. छायाचित्र सर्वांनाच वाचता येते. एकदा आखणी चार बोटे खाली आलेली दिसली. पुसून पुन्हा आखली. खडूची रेघ पुसावयास पैसा लागत नाही.

तथापि आज्ञावली म्हणजे चमत्कार नव्हे. जे तिच्यात लिहिले नाही ते तिला ठाऊक नसते. पहिल्याच आठवड्यात मी सवयीने दूरध्वनीवरून एक बदल सांगितला, तेव्हा कारागीर म्हणाला, "मोरा, लिहून पाठवा." मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

दुसरी खोली ठरल्या दिवशी आली आणि शिल्लक पैशांतून पहिल्या खोलीची कपाटे झाली. आपल्यापैकी कोणी मंडळासाठी वा मुलांसाठी अशी खोली करवीत असेल, तर आज्ञावली कोणतीही घ्या, नाहीतर साधी वही घ्या. पण पत्रा कापण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा: डावी बाजू, पण कोणाची?