तीस बाथ आणि आपले कार्ड

आपल्या कितीतरी विहारांत थायलंडहून आलेली बुद्धमूर्ती आहे. ती आपण वाजतगाजत आणली. पण त्या देशाने गोरगरिबांच्या दवाखान्याचा प्रश्न कसा हाताळला, याची चर्चा विहारात सहसा होत नाही.

आरोग्यसेवा लोकांपर्यंत किती पोहोचल्या, याचे शंभरपैकी गुण जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक देशाला देते. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, रक्तदाब, रुग्णालयातील खाटा अशा बाबी त्यात मोजल्या जातात. २०२३ च्या अहवालातील २०२१ सालचे गुण पाहा. थायलंड ८२. संघटनेच्या ज्या आग्नेय आशिया विभागात तो मोडतो, त्याची सरासरी ६२. भारत ६३, बांगलादेश ५२. वीस गुणांची ही दरी! शिवाय या विभागातील बहुसंख्य माणसे भारतातच राहतात. तेव्हा 'विभागच मागासलेला' म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

थायलंड श्रीमंत म्हणून पुढे गेला, असे आपले अर्थपंडित सांगतील. हे अर्धसत्य आहे. १९९७ चे आशियातील आर्थिक संकट सुरू झाले तेच थायलंडमधून. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २००१ मध्ये, तीस बाथमध्ये उपचाराची योजना आली. तिचा पाया आधीच घातला गेला होता. १९८० च्या दशकात सरकारने शहरातल्या मोठ्या रुग्णालयांवरचा नवा खर्च काही वर्षे रोखून तो पैसा तालुक्याच्या आणि खेड्यांच्या दवाखान्यांकडे वळवला. योजनेचे शिल्पकार डॉ. सांगुआन नित्यारम्पोंग हे स्वतः सिसाकेत या गरीब प्रांतातील लहान रुग्णालयात राबलेले होते.

चळवळीच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढची आहे. थायलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेने ५० हजार सह्यांवर विधेयक मांडण्याचा हक्क जनतेला दिला. एड्सग्रस्त, महिला, मजूर यांच्या संघटनांनी गावोगाव फिरून तेवढ्या सह्या जमवल्या. २००२ मध्ये कायदा झाला. उपकार म्हणून मिळालेले सरकार बदलले की जाते. कायद्याने मिळालेले सत्तांतरातही टिकले. २००६ मध्ये लष्कराने सत्ता उलथवली, तरी योजना राहिली.

तिथे सारे आलबेल आहे असे नाही. सरकारी नोकरांची योजना वेगळी आणि दरडोई खर्चही जास्त. डोंगरातल्या नागरिकत्व नसलेल्या जमातींना तर २०१० पर्यंत थांबावे लागले.

आणि आपण? बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. पण वीटभट्टीवरचा, ऊसतोडीचा मजूर बाहेरच राहिला. घटनेच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. आपल्या ६३ गुणांत महारवाड्याचा, मांगवाड्याचा, पारध्यांच्या पालाचा वाटा किती? त्या गुणपत्रिकेत जातीचा रकानाच नाही.

२०१८ पासून आयुष्मान भारतचे कार्ड आले. रुग्णालयात दाखल झाल्यास कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण. पण आपल्या वस्तीतली म्हातारी दाखल होत नाही. तिला लागतात रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, आणि त्या या कार्डावर मिळत नाहीत.