पाऊस लांबला, तर बेडूक काय करतो?

मे महिना संपत आला की आमच्या मालवण भागात प्रत्येकाची नजर आभाळाकडे लागते. कौले शाकारून झालेली असतात, लाकूडफाटा आत आलेला असतो, सुके मासे डब्यात भरून ठेवलेले असतात. 'मिरग कधी लागतलो?' एवढा एकच प्रश्न उरलेला असतो. माणसाने पावसाळ्याची बेगमी केलेली असते. पण मित्रांनो, याच दिवसांत भाताच्या कुणग्याच्या मेरेत, ओलसर मातीत आणखी एक प्राणी पावसाची वाट पाहत बसलेला असतो आणि त्याची बेगमी मात्र संपत आलेली असते. तो म्हणजे आपला मोठा बेडूक. प्राणिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत याचे नाव 'राना टायग्रिना' असे आढळेल. आज त्याला 'होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस' म्हणतात.

पाऊस दर वर्षी ठरल्या वेळी येतो असे नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोचला होता. याउलट २०२३ साली तो केरळातच ८ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा आला. दक्षिण कोकणात ११ जूनला पोचला आणि तेथेच अडखळला. मुंबई गाठायला २५ जून उजाडला. दोन वर्षांत इतका फरक! आपण रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकतो. जमिनीखालच्या बेडकाने काय करावे?

बेडकाची बेगमी

ज्यांनी प्रयोगशाळेत कधी बेडकाचे विच्छेदन पाहिले असेल, त्यांना त्याच्या पोटातले पिवळे, बोटांसारखे मेदपिंड आठवतील. ही त्याची शिदोरी. पावसाळ्यात किडे, खेकडे खाऊन तो ती भरतो. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९. शिवाय चरबीतल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. एक ग्रॅम चरबीपासून एक ग्रॅमहून किंचित जास्तच पाणी मिळते. कारण उघड आहे, ऑक्सिजनचे वजन त्यात मिसळते.

पण बेडकाची खरी चिंता भुकेची नसून पाण्याची आहे. तो तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. आणि त्याच कातडीतून ते उडूनही जाते. म्हणून तो हातपाय पोटाशी घेऊन गोळा होऊन बसतो. त्यामुळे उघडे पृष्ठफळ कमी होते. बिळातली कोंडलेली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त होते, आणि संपृक्त हवेत बाष्पीभवन थांबते हे तुम्ही शिकला आहातच. शिवाय अनेक बेडूक मूत्राशयातले पाणी पुन्हा शरीरात शोषून घेतात.

वरची माती मेच्या उन्हात पाय ठेववत नाही इतकी तापते. पण मातीतून उष्णता फार सावकाश आत शिरते. ती जरा खाली उतरते न उतरते तोच रात्र होते आणि वरचा थर निवू लागतो. म्हणून हातभर खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ जाणवत नाही. अशा जागी बेडूक हृदयाची आणि श्वासाची गती मंद करून पडून राहतो. हीच ग्रीष्मनिद्रा.

अस्वलाचे उत्तर

जी अडचण बेडकापुढे उन्हाळ्यात, तीच थंड देशांत हिवाळ्यात. उत्तर अमेरिकेतले काळे अस्वल पाच ते सात महिने गुहेत न खाता-पिता काढते, तेही चरबीवरच. वसंत लांबला आणि बाहेर गवत, कोंब उगवलेच नाहीत, तर जागे झालेले अस्वल उपाशी मरेल असे वाटते. २०११ साली अलास्का विद्यापीठातील ऑइविंड टोइएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याबाबत एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. झोपेत अस्वलाच्या शरीराचे तापमान थोडेच उतरते, ३० ते ३६ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहते. पण शरीरातला जळणाचा खर्च चौथ्या हिश्शावर येतो. आणि जाग आल्यावरही तो लगेच वाढत नाही. बाहेर पडताना तो नेहमीच्या निम्माच असतो आणि पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे अस्वल हिंडते खरे, पण चूल मंदच ठेवते. उरलेल्या चरबीवर त्याचे हे दिवस निभतात. अधिक ओढाताण होते ती पिलांना दूध पाजणाऱ्या मादीची.

उठायचे केव्हा?

बेडकाला मात्र अशी अर्धी जाग परवडत नाही. कोरड्या जमिनीवर आला तर तो सुकेल. म्हणून योग्य खूण मिळाल्यावरच बाहेर पडणे हिताचे. अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका जातीच्या भेकांवर डिमिट आणि रुइबाल यांनी १९८० साली प्रयोग प्रसिद्ध केले. मातीत ओल नसतानाही, नुसत्या मोटरच्या मंद कंपनांनी ते भेक जमिनीबाहेर आले! पावसाच्या माऱ्याने जमिनीत अशीच कमी वारंवारतेची कंपने उठतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उशिरा आलेल्या पावसापेक्षा फसवा पाऊस अधिक घातक असतो. बेडूक उठले, डबक्यांत हजारो अंडी घातली आणि मग पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तर डबके आटते. अंड्यापासून बेडूक व्हायला साधारण महिनाभर पाणी टिकावे लागते. वाट पाहण्याची किंमत चरबीत मोजावी लागते. चुकीची किंमत सगळ्या पिढीत.

ती पहिली रात्र

आणि खरा पाऊस कोसळला की एका रात्रीत मळे 'डराव डराव'ने दुमदुमतात. नर पिवळेधमक होतात, गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. महिनोन्‌महिने सांभाळलेली शिदोरी याच रात्रीसाठी असते. नेमक्या याच रात्री माणूस बत्ती आणि पोते घेऊन निघतो, आणि रस्त्यावरची वाहनेही त्यांना चिरडतात. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. त्याची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अंडी घालण्यापूर्वी मादी पोत्यात गेली, तर पाऊस वेळेवर येऊनही त्या कुणग्यात पुढच्या वर्षी कोण ओरडणार? आणि भातावरचे किडे कोण खाणार?

शाळेत एक प्रयोग करून पाहा. उघड्या जमिनीत एक हात खोल अरुंद भोक पाडा. प्रयोगशाळेतला तापमापक दोरीने सोडा आणि तोंड मातीने बुजवा. दुसरा वरच्या मातीवर ठेवा. दुपारी दोनला आणि पहाटे सहाला दोन्ही नोंदी घ्या. खालचा तापमापक वर ओढताच लगेच वाचा. आठवडाभराच्या नोंदींचा आलेख काढा. वरची रेषा डोंगरदऱ्यांसारखी येईल, खालची जवळजवळ सपाट. त्या सपाट रेषेवर कोणीतरी पावसाची वाट पाहत बसले आहे. त्याला उकरून काढू नका. पाऊस आला की ते आपणहून भेटायला येईल. त्या रात्री सायकल जरा सावकाश चालवा.