समुद्र नव्हता, शंख होते

वणी-वरोरा पट्ट्यात शंखांचे जीवाश्म सापडले, की मथळा ठरलेला : ‘इथे समुद्र होता!’ होताच. फक्त तो या शंखांचा नव्हता.

गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडकावर चालतात, तो समुद्रातच साचला. पण शंभरेक कोटी वर्षांपूर्वी. कवचाचे प्राणी त्यानंतर चाळीसेक कोटी वर्षांनी आले. म्हणजे आपला खरा समुद्र बिनशंखाचा. शंख आले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा थरावर थर चढवत होता तेव्हा, आणि तेही तळ्यांत. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात खळग्यांत पाणी साचायचं, गोगलगायी वाढायच्या, मग पुढचा लाव्हा सगळं झाकून टाकायचा.

त्यांतली सर्वांत नावाजलेली ‘फायसा प्रिन्सेपाय’. १८४० मध्ये इंग्रज निसर्गअभ्यासक सॉवर्बीने तिचं वर्णन छापलं. टोक वर धरलं तर तोंड डावीकडे येतं. बहुतेक शंखांचं उजवीकडे असतं. (पूजेतला महागडा ‘उजवा शंख’ही या मोजणीने डावाच ठरतो, पण तो बाजार वेगळा.) फायसाचे आजचे नातेवाईक गोड्या पाण्यात राहतात आणि हवेतून श्वास घेतात. एवढ्यावरून तरी समुद्राचा मथळा मागे घ्यायला हरकत नसावी.

समुद्र की तळं, हे कोडं खरं सोडवलं ते स्टीफन हिस्लॉप यांनी. नागपूरकरांना त्यांच्या नावाचं कॉलेज ठाऊक असतं, शंख नसतात. मिशनरी कामाच्या फिरतीत हा स्कॉटिश माणूस दगड फोडत हिंडायचा. १८६० च्या लेखात त्यांनी नागपूरकडचे शंख आणि गोदावरीच्या मुखाकडचे, राजमहेंद्रीचे शंख एकत्र तपासले. इथले गोड्या पाण्याचे, तिथले खाऱ्या. एका लाव्हाच्या दोन टोकांना दोन वेगळी पाणी! १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते नदीत बुडाले. पुढे छिंदवाड्याच्या झिलमिलीत सागरी सूक्ष्मजीव मिळाले, त्यामुळे समुद्राचा एखादा फाटा आत शिरला होता का, हा वाद उरलाच. पण त्याचं उत्तर चंद्रपूरच्या फायसाकडे नाही.

वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्याला तर याहून मोठा मान मिळायला हवा. तिथल्या डायनासोरकालीन अश्मीभूत विष्ठेत गवताचे अंश सापडल्याचं २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं, आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं हा समज मोडला. गडचिरोलीत सिरोंच्याच्या वडधमला जीवाश्म उद्यान आहे. पिजदुऱ्याचं नाव किती वाचकांनी ऐकलंय? सुरजागडच्या लोखंडावर आपण रोज बोलतो, तेवढ्यातली दोन मिनिटं इकडे आली तरी पुरे.

अस्सल समुद्री शंख पाहायचा असेल तर खडक सोडून माणसांकडे यावं. इंद्रावतीपलीकडच्या दंडामी माडियांच्या शिंगांच्या मुकुटावरून चेहऱ्यापुढे कवड्यांच्या लडी लोंबतात. विदर्भातल्या बंजारा बायकांच्या भरतकामातही कवडी टाचलेली असते. या जंगलात ती उपजत नाही. बंगाल-ओडिशात चालणारी कवडी मुख्यतः मालदीवची, जहाजांतून आलेली. मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या बैलांनीच तिला आतवर आणलं असावं, हा माझा तर्क. तिला हलकं समजू नये. ओडिशात लोक महसूलही कवड्यांत भरत. कंपनी सरकारने तो चांदीच्या रुपयांत मागितला, आणि १८१७ च्या पाइक उठावामागच्या रागात तेही एक कारण ठरलं.