मेणाचे नाक, पडद्यावरचे नाक

नाक बदलून घ्यायला आलेल्या माणसाला सर्जन आता संगणकावर त्याचे होऊ घातलेले नाक आधीच दाखवतात. माझ्या विद्यार्थ्यांना ते भविष्यच वाटते. पण पडद्यावर हलतात ते केवळ प्रकाशाचे ठिपके. कातडी किती जाड, आतली कूर्चा किती बळकट, व्रण कसा आवळेल, यातले त्या चित्राला काही ठाऊक नसते. जाड कातडीखाली कोरलेला शेंडा बाहेर नीट उमटत नाही. सूज पुरती उतरायला वर्षही लागते. नेमके काय खुपते ते सांगायला चित्र उपयोगी. रुग्ण मात्र ते वचन म्हणून घरी नेतो.

१७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापली. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजीला वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने नवे नाक बसवले. (जात छापली, नाव नाही!) त्याने मेणाचे नाक घडवले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. नमुना इथेही होता. पण तो कातडीच्या मापाचा.

आणि संगणकावरच्या ‘सुधारणे’चे माप कोणाचे? १८९१ मध्ये रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांचीच मापे मांडून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे दाखवले. तरी पडद्यावरचे नाक बहुधा अरुंदच होत जाते. रुग्णाने सर्जनला सरळ विचारावे: माझ्यासारख्या कातडीच्या नाकांचे, शस्त्रक्रियेनंतर वर्षाने काढलेले फोटो दाखवता का?